तोंडावर मारायचं नाही

धून अर्ध्यावर सोडून आर्विनने आपलं तुतारीसारखं कॉर्नेट ओठांपासून दूर केलं, डाव्या हातात नीट धरलं आणि उजव्या हाताची मूठ हेटीच्या बरगडीत मारली. मग त्याच जागी आणखी एकदा. ती टेबलाची कड धरत खाली बसली. त्याच्या बँडच्या गणवेशाच्या कोटाचं एक बटण घासायचं तिच्याकडून राहिलं होतं.

"साऱ्या गावापुढे उभं राहायचंय मला," तो म्हणाला. "आणि तू मला असा पाठवणार?"

एवढं बोलून त्याने कॉर्नेट पुन्हा ओठांना लावलं, आणि धून जिथे सोडली होती तिथूनच उचलली. श्वास जराही हलला नव्हता.

व्हिटच्या सणाचा शुक्रवार होता. गिरण्या बंद, आणि खोऱ्यातल्या गावागावांतून बँड स्पर्धेत वाजवत फिरायचे. संध्याकाळी चर्चपुढे आर्विनचा, थॉर्नक्लफ गावचा बँड ती जुनी संथ धून वाजवणार होता. कुणा संगीतकाराने ती लंडनच्या मोठ्या वाद्यवृंदासाठी लिहिली होती म्हणे. पण ती लंडनची आहे असं इथे कुणी म्हटलं असतं तर लोक त्याला हसले असते. लग्नात तीच, मयतीला तीच, युद्धातून न परतलेल्यांच्या दगडापुढे तीच. कापूस पिंजून छाती खराब झालेले म्हातारे ती ऐकायला काठ्या टेकत यायचे. तिच्या मध्यावर एक वरचा सूर होता. बाकीची वाद्यं तिथे थांबायची आणि कॉर्नेट एकटं वर जायचं. त्या एका सुरासाठी हेटीने आर्विनशी लग्न केलं होतं. तो सूर आजही तितकाच चांगला लागायचा, हेच वाईट होतं.

मार तिच्या अंगवळणी पडला होता. पण मारून झाल्यावर त्याच सुरावर परत जाता येतं, आणि सूर मळत नाही, हे तिला आज पहिल्यांदा इतक्या जवळून दिसलं. ती उठली. वरच्या सुरासाठी आर्विनने डोळे मिटले होते. हेटीने कॉर्नेटच्या पुढच्या पसरट पितळी तोंडावर तळहात ठेवला आणि होतं नव्हतं ते सगळं बळ लावून ते त्याच्याकडे ढकललं.

धातू दातांवर आदळल्याचा आवाज आला. वरच्या ओठाचे फाटून दोन भाग झाले होते. एक दात फरशीवर पडला. आर्विनने आधी वाद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मग त्याने तिचे केस धरले आणि डोकं चुलीच्या लोखंडी कडेवर आपटलं. ती पडली तेव्हा बुटाने पोटात मारलं. त्याच्या तोंडातलं रक्त तिच्या गळ्यावर ठिबकत होतं, आणि तिला शिव्या देताना एकही शब्द त्याला धड उच्चारता येत नव्हता.

मागचं दार उघडून शेजारची क्लॅरिस आत आली.

"वाजवणं मध्येच थांबलं, म्हणून आले," ती म्हणाली. मग तिने आर्विनचं तोंड पाहिलं आणि मटकन खुर्चीत बसली. "काय केलंस गं हे, हेटी? आणि आज?"

हेटीच्या किंकाळ्या त्या भिंतीपलीकडे अकरा वर्षं जात होत्या. क्लॅरिस त्यासाठी कधी आली नव्हती.

खोऱ्यात एक नियम होता. व्हिटच्या रात्री दारूच्या गुत्त्यांत दोन गावांचे बँडवाले एकमेकांची डोकी फोडायचे, बोटं मोडायचे. पण तोंडावर कुणी मारायचं नाही. वाजवणाऱ्याचं तोंड त्याचं नसतं, बँडचं असतं.

आर्विनला टाके घालायला नेलं आणि थोड्याच वेळात बँडमास्तर बायरम दारात आले. बरोबर हवालदार लम्ब होता. बँडमध्ये मोठा ढोल तोच वाजवायचा, त्यामुळे अंगावर पोलिसाची टोपी आणि ढोलाचा पट्टा असं दोन्ही होतं.

"महिनाभर तरी वाजवता येणार नाही, डॉक्टर म्हणतात," बायरम म्हणाले. "कदाचित कधीच नाही. गेल्या साली माझी बायको गेली ना, पोरी, तेव्हा तो वाजवत होता म्हणून मी उभा राहू शकलो."

"मला माहीत आहे. मीही तिथे होते."

"मग?"

हेटीने ओला फडका कपाळावर दाबून धरला होता.

लम्ब खाकरला. "हे बघा वहिनी, बाहेर जाऊ द्यायचं नाही हे. नवऱ्याला बायकोने मारलं म्हटलं तर शेजारची गावं हसून मरतील. जिन्यावरून पडला म्हणू. तुम्ही फक्त हो म्हणा. मग मीही काही लिहून घेत नाही."

"जिन्यावरून," हेटी म्हणाली.

"हो. कुणालाही पटेल."

"पटतं खरं. माझं पोटातलं मूल गेलं तेव्हा मी तुमच्याकडे आले होते, लम्ब. तुम्हीच शिकवलं होतंत मला, जिन्यावरून पडले असं सांग म्हणून."

लम्बने पट्ट्याचं बक्कल उगाच सारखं केलं.

"तो नाही पडला जिन्यावरून. मी मारलं त्याला. कुणी विचारलं तर असंच सांगणार मी. लिहायचं तर लिहा. पण मग आधीचंही सगळं लिहा."

"तो परत आल्यावर तुझं काय होईल, कळतंय का तुला?" बायरम म्हणाले.

"तुम्हालाही कळतंय ना, मास्तर? मग थांबता का इथे, तो येईपर्यंत?"

बायरमांनी घड्याळाकडे पाहिलं. बँड खाली गोळा झाला होता.

ते गेल्यावर तिने पिशवीत दोन झगे आणि आईची शाल भरली. मिरवणुकीमुळे नेहमीची बस बंद होती. गल्लीच्या तोंडाशी मार्शगेटच्या बँडची गाडी इंजिन चालू ठेवून उभी होती. त्यांना पुढच्या गावी जायचं होतं. सर्वांत मोठं भोंगावाद्य मांडीवर घेतलेल्या एका जाड्या माणसाने काच खाली केली.

"कुठे निघालात, बाई?"

"तुमची गाडी शेवटी कुठे जाते?"

"घरी. डोंगरापलीकडे. पण त्याआधी चार गावं वाजवायची आहेत."

"चालेल."

त्याने तिच्या कपाळाकडे पाहिलं, मग गळ्यावरच्या वाळलेल्या रक्ताकडे. बातमी तिच्याआधी गल्ली उतरून आली असावी. "ती तुम्हीच का?"

"हो. मीच."

मग जाड्या मागे वळून म्हणाला, "कॉर्नेटवाले सगळे मागच्या बाकांवर व्हा रे. बाईंना पुढे बसू द्या."

हेटीला हसू आलं आणि बरगडीत अशी कळ गेली की तिने पिशवीचा बंद दातांत धरला. कुणीतरी आपला कोट घडी करून तिच्या कुशीला लावला. गाडी निघाली.

पुढच्या गावी मार्शगेटवाल्यांनी आधी स्पर्धेची संचलनाची धून वाजवली. मग लोकांनी ती संथ धून मागितली. मागणारच होते. हेटी गाडीतून उतरून गर्दीच्या कडेला उभी राहिली. बायका डोळ्यांना रुमालाची टोकं लावत होत्या, एक म्हातारा टोपी काढून छातीशी धरून उभा होता. बाकीची वाद्यं थांबली आणि कॉर्नेट एकटं वर निघालं.

वाजवणारा बरा होता. पण वरचा सूर जरा खाली लागला. गर्दीत कुणालाच ते कळलं नाही.

हेटी तो सूर नीट लागायची वाट पाहत राहिली. धून पुढे गेली, संपलीही. मग सगळे टाळ्या वाजवत होते, म्हणून एक हात बरगडीवरून काढून तिनेही वाजवल्या.