तळ्याकाठची सफाई

आमच्या ह्यांनी रिटायर झाल्यावर निसर्ग वाचवायला घेतला. घरात जन्मात स्वतःचा चहाचा कप उचलला नाही, पण तळ्याकाठच्या पक्षी अभयारण्यात स्वयंसेवक म्हणून नाव नोंदवून आले. हिरवी टोपी मिळाली, शिट्टी मिळाली आणि आपल्यावाचून जगाचं पान हलत नाही, याची खात्रीही पटली.

पहिल्याच रविवारी त्यांना लव्हाळ्यांत काटक्यांचा ढीग दिसला. ऑफिसात ज्यांना टेबलावर एक कागद तिरका खपला नाही, त्यांना हा पसारा कसा खपणार? सगळा पोत्यात भरला. पुढच्या रविवारी पुन्हा तिथेच ढीग! "लोकांना शिस्तच नाही," म्हणत तोही भरला. तिसऱ्या रविवारी लव्हाळेच कापून काठ चकाचक केला आणि मला मोबाईलवर फोटो दाखवला. फोटोच्या कोपऱ्यात एक पाणकोंबडी चोचीत काटकी धरून उभी होती.

"बघ, पक्षीसुद्धा सफाईला हातभार लावतायत," हे कौतुकाने म्हणाले.

सोमवारी हे बाहेर गेलेले बघून तळ्यावरचा वनरक्षक घरी आला.

"काकू, तिसऱ्यांदा घरटं मोडलं हो त्या पाणकोंबडीचं. राग मानू नका, पण काका घरी काय काय कामं करतात?"

"इकडची काडी तिकडे करत नाहीत," मी म्हणाले.

त्याने चक्क हात जोडले.

"मग तळ्यावरही तसंच वागायला सांगा ना!"