दोनदा वजा झालेले दहा सेंटिमीटर

मित्रांनो, माणूस खोटे बोलतो, साक्षीदार खोटे बोलतो, वेळप्रसंगी नकाशासुद्धा खोटे बोलतो. मी मात्र जन्मात कधी खोटे बोललो नाही. मी नगरपालिकेचा एक जुना मोजणीचा टेप आहे. माझे पहिले दहा सेंटिमीटर तुटलेले आहेत.

पोलादाची पट्टी, पिवळा रंग, काळे आकडे आणि राहायला चामड्याचे गोल घर, असा मी कारखान्यातून आलो. निवासी भागातली सामासिक अंतरे मोजायला माझी नेमणूक झाली. सामासिक अंतर म्हणजे घराची भिंत आणि कुंपण यांच्यात सोडायची मोकळी जागा. तिथून उजेड यावा, वारा यावा, आग लागली तर माणसाला पळता यावे, हा तिचा हेतू. लोक तिथे मोडक्या सायकली, फुटके कमोड आणि शेजाऱ्याविषयीचा राग साठवतात.

पहिली काही वर्षे माझा मोठा मान होता. मोजणीदार मला फडक्याने पुसून मगच गुंडाळत. एके दिवशी त्यांनी जीपचे दार आपटले, तेव्हा माझे टोक आत जायचे राहिले होते. नवा टेप मागवायला मी निकामी असल्याचा दाखला हवा होता. तपासणी समितीने मला ताणून पाहिले आणि शेरा मारला की टेप दहापासून पुढे उत्तम चालतो. मग साहेबांनी आदेश काढला: या टेपाच्या प्रत्येक मापातून दहा सेंटिमीटर वजा करावेत. कोणी, ते लिहायचे राहिले.

मोजणीदार जागेवरच वजा करत. पुढे दप्तर सांभाळायला नाना आले. त्यांनी आदेश वाचला आणि तेही टेबलावर वजा करू लागले. दोघेही कर्तव्यदक्ष. वैताग आहे तो हाच. आळशी माणसाने कोणाचे इतके नुकसान केलेले मी पाहिले नाही.

हे नुकसान झाले शिंपीणबाईंचे. बाईंचे दुकान खाली, संसार वर. यजमान रंगारी; शिडीवरून पडले आणि जिना चढण्यातून कायमचे गेले. त्यांच्यासाठी बाईंनी तळमजल्यावर बाजूला एक खोली काढली. भिंती उभ्या राहिल्या, छप्पर बाकी होते. मोजणीदारांनी मला पसरले. मी तीन मीटर दहा दाखवले, त्यांनी तीन लिहिले, नानांनी दोन नव्वद केले. नियम तीनचा, असे सगळ्यांनाच पाठ होते. काम थांबवा, भिंत पाडा, अशी नोटीस गेली.

त्याच दिवशी शेजारच्या बंगल्यावरही गेलो होतो. त्याची भिंत थेट कुंपणावर चढलेली. अंतरच नाही, तर मोजणार काय? मोजणीदारांनी रकान्यात ‘लागू नाही’ लिहिले. त्यातून नानांना दहा वजा करता येईनात. बंगल्याला पूर्णत्वाचा दाखला मिळाला.

रंगारी आठ महिने शिलाईच्या दुकानात, पडद्यामागच्या खाटेवर पडून होते. पडद्याच्या अलीकडे बायकांची मापे घेतली जात आणि पलीकडून सल्ला येई, “तो रंग त्यांना नाही शोभायचा.” निम्मी गिऱ्हाइके तुटली. उरलेली रंग विचारायला येत, शिवायला दुसरीकडे टाकत.

सुनावण्या चार झाल्या. तीन वेळा साहेब दौऱ्यावर होते. चौथ्या वेळी बाई आल्या त्या गळ्यात स्वतःचा कापडी टेप घालूनच. टेबलावर मी पुरावा म्हणून पडलो होतो. त्यांनी मला उलटे-पालटे केले, टोकाशी बोट लावले आणि मोजणीदारांकडे वळल्या.

“भाऊ, हे दहा तुम्ही वजा केलेत?”

“म्हणजे काय? आदेशच आहे.”

“आणि नाना, तुम्ही?”

“मीपण केले बाई. आदेश आहे ना.”

बाई साहेबांना म्हणाल्या, “साहेब, एकच बाही मी दोनदा कापली असती ना, तर गिऱ्हाइकानं मला उभं फाडलं असतं. इथं माझा माणूस आठ महिने पडद्यामागं पडलाय.”

साहेबांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू वजाबाकी मीच केली होती. फेरमोजणीचा हुकूम सुटला. बाईंनी आपला टेप पुढे केला. तो इंचाचा आणि शिवाय खासगी, म्हणून नाकारला. मीच गेलो. या वेळी मोजणीदारांनी वजा केले आणि नानांनी दोन्ही हात पाठीमागे बांधून धरले. अंतर तीन मीटर भरले.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा. टेप पुसून गुंडाळा, दार लावण्याआधी खाली पाहा, आणि काही तुटलेच तर ते बदला. तुटलेपणावर आदेश काढू नका. आम्हा वस्तूंचे काय, आम्ही पडून राहू. पण आमच्या मापात माणसे अडकतात.

नोटीस मागे घेण्याच्या पत्रात कलमाचा क्रमांक लागतो. तो टाकायला नानांनी कपाटातून नियमांचे पुस्तक काढले. दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटला बाजूला सव्वादोन मीटर सोडले तरी पुरे, असे त्यात छापले होते. बाईंचा प्लॉट एकशे बारा चौरस मीटरचा आहे.