पाखाडीवरचा गडगा

मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. जुनी म्हणा, म्हातारी म्हणायचं काम नाही! सखाराम सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवलं आणि मी रत्नागिरीतल्या एका लॉ कॉलेजात आले. तिथल्या सरावाच्या कोर्टात न्यायाधीश माझ्यावर बसायचे आणि पोरं समोर उभी राहून खोटे खटले लढवायची.

१९८६ साली कॉलेजाने गावोगावी फुकट कायदेमदत सुरू केली. मग खरी गाऱ्हाणी आली. पहिलं हौसाबाईचं. तिच्याच वाडीतल्या भिकाजीने आंब्याची कलमं लावली आणि विहिरीकडे उतरणाऱ्या पाखाडीवर, म्हणजे चिऱ्यांच्या पायवाटेवर, गडगा रचला. दगडांची ती भिंत चुकवायला हौसाबाई डोक्यावर हंडा घेऊन डोंगराला वळसा घालायची.

तिची बाजू मांडायची होती तुळसाने. पोरगी हुशार, पण आवाज उंदराचा. सरावात ती पुटपुटली, "भिकाजींनी पाखाडी अडवली."

समोरून भिकाजीची बाजू लढवणारा केरू उठला. "पाखाडी म्हणजे वाडी! अख्खी वाडी अडवायला भिकाजी काय समुद्र आहे?"

वर्ग खिदळला. आमच्याकडे वाडीलाही पाखाडीच म्हणतात, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती मटकन खाली बसली.

सराव बघायला आलेली हौसाबाई मागून कडाडली, "ऊठ गो बाय! हंडा मी वाहते नि मान तुझी खाली?"

सराव घेणाऱ्या सरांनी तुळसाला पुन्हा बोलायला उभं केलं. पुढे रोज केलं.

मग गावच्या देवळात लोकन्यायालय भरलं. मला टेम्पोतून नेलं. निवृत्त न्यायाधीश माझ्यावर टेकले. भिकाजी छाती काढून म्हणाला, "पाखाडी कुठे अडवली? वाडीत सगळे येतात-जातात की!"

तुळसा उठली. "काका, तुम्ही राहता कुठे?"

"पाखाडीत."

"आणि तुमची आई विहिरीचं पाणी आणायची, ती कुठून?"

"ह्याच पाखाडीवरून!" भिकाजी बोलला आणि त्याने जीभ चावली.

"मग गडगा कशावर आहे, काका?"

अख्खं देऊळ हसलं. न्यायाधीश असे हसले की माझी पाठ करकरली. तडजोड झाली, भिकाजीने सही केली आणि त्याच दुपारी आपल्या हातांनी दगड उतरवले. हौसाबाई त्या वाटेने भरला हंडा घेऊन आली, ती थेट राणीच्या थाटात! "घे, आधी तू पी," ती तुळसाला म्हणाली. "लय बोललीस."

तेव्हापासून कॉलेजात सरावाला खरीच गाऱ्हाणी घेतात. आता माझ्या बैठकीचा वेत फाटलाय, एक हात खिळखिळा झालाय. कोणी म्हणतं, हिला अडगळीत टाका. मित्रांनो, मला नवा वेत भरा, खिळे ठोका. अजून कितीतरी पोरींना माझ्यासमोर मोठ्याने बोलायला शिकायचंय. त्या शिकेपर्यंत मी काही हलत नाही!