कोणाचं कापायचं

आष्टीत संध्याकाळचे सात वाजले की इंटरनेटचा जीव घुसमटायचा. ऊसतोडीला कोल्हापूरकडे गेलेल्या टोळ्या फडातून आपल्या पाचटाच्या कोपीवर परतायच्या आणि गावी राहिलेल्यांना व्हिडिओ कॉल लावायच्या. राउटरमधली डेटाची रांग भरून वाहायची आणि सगळ्यांचेच चेहरे पडद्यावर गोठायचे.

बंकटच्या इंटरनेट ऑफिसात कामाला असलेल्या उज्माने तीन महिने डोकं फोडून यावर प्रोग्राम लिहिला. रांग जरा भरली, बरीच भरली, फुटायला आली, असा माणसासारखा अंदाज तो घेई आणि ती फुटायच्या आधीच, जो जास्त ओरबाडतोय त्याचं नेट थोडं थोडं कापी. रोजच्या गर्दीवरून स्वतःच शिके. याला फझी लॉजिक म्हणतात. बंकट थेरं म्हणायचा. पण महिनाभर कॉल अडकले नव्हते. उज्माचे अब्बा वाहेद कोल्हापूरकडे उसाचा ट्रक चालवत. तिची अम्मी आमिनाबीही सातलाच फोन धरून बसे.

सगळ्यात जास्त ओरबाडणारे निघाले भगवानराव. त्यांच्या कापसाच्या जिनिंगवर चाळीस कॅमेरे होते आणि चित्र अडकलं की शिव्या बंकटला.

"भगवानरावांचं कावून कापलं गं?" बंकट आल्या आल्या भडकला.

"त्यांच्याच कॅमेऱ्यांनी रांग भरती."

"मला शिकवू नको. त्यांना सूट टाक, न्हाई तर उद्यापासून येऊ नको."

"सूट टाकली की प्रोग्राम बाकीच्यांचं कापतो."

"कापू दे."

दातओठ खात उज्माने सूट टाकली. सात वाजले. दहा मिनिटांत बंकटची आई सावित्रीबाई फोन घेऊन जिना उतरली. तिचा धाकटा, केदारनाथ, टोळीचा मुकादम होता. पडद्यावर त्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. उज्माला मनातून गुदगुल्या झाल्या.

"आईला बी सूट टाक," बंकट गुरगुरला.

"टाकते. तिच्या जागी कोणाचं कापू, तेवढं दाखवा." तिने घरांची यादी पुढे सरकवली. आता तरी याला लाज वाटेल, असं तिला वाटलं.

बंकटने सावकाश यादीवर बोट फिरवलं. मग तिच्या डोळ्यांत बघत ते एका नावावर टेकवलं. आमिनाबी.

उज्माच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण म्हातारी आशेने तोंडाकडे बघत होती. तिच्यादेखत भांडायला जीभ रेटेना. तिने बटण दाबलं.

केदारनाथ हलला, हसला.

"दिसलं गं माझं लेकरू!" म्हातारीने उज्माच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "जा, पळ, तुझ्या अम्मीला बी सांग. आत्ताच लाव म्हणावं, लई साफ दिसतंय."