कुहिलीपलीकडचं घर

"बी टाकताय ते टाका, पण वाट तेवढी सोडा," आंटी अराबा म्हणाली होती. मी ते हसण्यावारी नेलं.

अननसाची जुनी झाडं उपटून झाली की आमच्या एकुम्फीत पुढच्या लावणीआधी कुहिलीचा बेवड करतात. खाज न सुटणारी जात. वेल रान झाकतो, तण मारतो. मग कापून तिथंच कुजवायचा. आंटीचं घर आमच्या रानापलीकडे. माझ्या नवऱ्याची, एबोची, ती दूरची चुलती. एकटी राहायची, मधल्या पायवाटेनं रोज आमच्याकडे यायची.

"आंटी, वेलांत साप असतात. आमचा फीफी नुकता चालायला लागलाय, वाट दिसली की सुटेल."

"असू देत. तुझ्यापेक्षा साप बरे, माझ्याकडे येऊन-जाऊन तरी असतात!"

मी एबोला वाटेवरही बी टाकायला लावलं.

वेल गुडघ्याच्या वर गेले. सडकेनं मोठा वळसा. आंटीचा गुडघा धड नाही, आणि पोराला घेऊन मला निघवत नसे. संध्याकाळी फीफी हातात केंकी, म्हणजे मक्याच्या आंबवलेल्या पिठाचा उंडा, घेऊन रानाच्या कडेला उभा राहून "आंटी!" असं ओरडायचा. पलीकडून यायचं, "आधी केंकी संपव, चोरा!"

मग दोन संध्याकाळी उत्तर आलंच नाही. पाला दाट झालाय, आवाज पोचत नसेल, अशी मी मनाची समजूत घातली.

तिसऱ्या सकाळी वेलांतून आंटीच्या कोंबड्या बाहेर आल्या आणि फीफीच्या हातातल्या केंकीवर तुटून पडल्या. एबो जेवताजेवता उठला.

"ती स्वतः उपाशी राहील, पण कोंबड्यांना ठेवणार नाही."

कोयता घेऊन तो वेलांत शिरला. फीफीला कडेवर घेऊन मी मागोमाग. वेल पायांना गुंडाळत होते. साप मला आठवलेच नाहीत.

आंटी परसात पिंपाजवळ पडली होती. ओठ तडकलेले, खुबा मोडलेला.

"कोंबड्या पोचल्या?" तिनं विचारलं.

आता ती तिच्याच घरी आहे, काठीवर चालते. आमच्यात राहायला तयार नाही. आणि यंदा आम्हीच माझ्या बाळंतपणासाठी ताकोराडी शहरात आहोत. रान पुन्हा कुहिलीखाली आहे. एबोनं या वेळी वाट सोडली, पण तिच्यावरून चालणारं कोणी नाही. फोनवर आंटी म्हणते, "बरी आहे गं, फीफीच्या आई." माझा जीव थाऱ्यावर नाही.

एकुम्फीकडे तुमचं जाणं होणार असेल तर तिच्याकडे डोकवा. दारातूनच "बरी आहे" म्हणेल. तरी आत जा. चूल पेटली होती का, पिंपात पाणी आहे का, एवढं बघा, आणि मला कळवा.