पाचव्या मजल्यावरची गादी

आश्विनातलं ऊन मुंबईच्या कोटावर तिरपं उतरे, तेव्हा मालाडच्या पिवळसर दगडाला मधाचा रंग येई. त्या मधुवर्ण उन्हात मानकर बिल्डिंग उभी होती. पाच मजल्यांची, नव्या चुन्याच्या वासाची, कमानीवर कमान पेललेली, बंदराकडे तोंड केलेली. तळमजला सोडला, तर सगळी रिकामी.

विश्वनाथराव मानकरांनी वडिलांची सगळी पेढी या दगडांत ओतली होती. मजले भरले नाहीत तर पेढी बुडणार, हे त्यांना ठाऊक होतं. बाजारालाही ठाऊक होतं.

व्यापाऱ्याची गादी रस्त्यालगत हवी. जाणाऱ्यायेणाऱ्याला शुभ्र लोड दिसावा, लोडाला टेकलेला शेठ दिसावा. ही कोटाची रीत. म्हणून तळमजल्यावर माणसांची दाटी, आणि वर नुसती कबुतरं.

"लक्ष्मी काय जिने चढणार, मानकरशेठ?" कापसाचे व्यापारी वल्लभजी पायरीवरूनच म्हणाले. भोवतालचे दलाल खदखदून हसले.

"जिने कशाला, शेठ? पाळण्यात बसवून नेऊ," विश्वनाथराव म्हणाले.

पाळणा म्हणजे लिफ्ट. जाळीदार, पितळी दांड्याची, माणसांअभावी उभ्या उभ्या कंटाळलेली.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी विश्वनाथरावांनी तळमजल्यावरची स्वतःची कोपऱ्याची जागा सोडली. वडिलांची गादी गुंडाळली, लोड काखेत घेतला, चांदीची लक्ष्मी छातीशी धरली, आणि पाळण्याचं दार ओढलं. रस्ता थबकून पाहत राहिला. ते वर चढत गेले. त्यांनी खाली पाहिलं नाही.

पूजेच्या पानसुपारीला न जाणं म्हणजे उघड वैर. दिवेलागणीला वल्लभजींना यावंच लागलं. पितळी दांडा दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून, रामनाम घेत ते पाचव्या मजल्यावर उतरले.

डोळे उघडले, तो समोर समुद्र.

जांभळा समुद्र, केशरी कडेचा समुद्र. शिडांवर शेवटचं ऊन, आणि दूर, दीपगृहापलीकडे, लाल पट्ट्याच्या धुराड्यातून निघालेली धुराची एक करडी रेघ. विश्वनाथरावांनी पुढे केलेला विडा घ्यायचं वल्लभजी विसरले.

"ती... ती तर माझी आगबोट! खाली कुणाला पत्ता नाही अजून!"

"खाली उद्या कळेल, तोवर सौदे तुमचे," विश्वनाथराव शांतपणे म्हणाले.

वल्लभजी खिडकीला जाऊन भिडले. मग वळून म्हणाले, "ही खिडकी भाड्यानं देता काय?"

"खिडकी सुटी मिळत नाही, शेठ. शेजारची खोली घ्या, तिलाही अशीच आहे."

त्या संध्याकाळी कोटाच्या माथ्यावर खिडक्यांची एकच ओळ उजळली होती. एकाकी, स्थिर, ताऱ्यांच्या शेजारची.

पुढल्या लक्ष्मीपूजनाला रस्ता पुन्हा थबकला. आधी पाचवा मजला उजळला, मग चौथा, मग तिसरा, मग दुसरा, मग पहिला. उजेड मजल्यामजल्यानं खाली येत होता, सावकाश, सोनेरी, जणू लक्ष्मी एकेक पाऊल टाकत, पैंजण सावरत, जिना उतरून रस्त्यावर येत होती.