ताई, काळजी घ्या

ॲपवरचं बोलणं तपासणाऱ्या मशीनने मावशीचा निकाल लावून टाकला होता. शेवटचं बटण दाबायचं काम तेवढं माझं.

आमच्या ॲपवर ही मावशी शिवणकाम शिकवायची. तीन ठपके बसले की अकाउंट कायमचं बंद, आणि तिचे तीन भरले होते. पहिला: "काज पुन्हा वाकडं आलं तर मुंडी मुरगळीन एकेकीची." खाली सतरा विद्यार्थिनींचे हसरे चेहरे. दुसरा: "मेल्यांनो, कात्री अशी धरतात?" यात जिवे मारायची धमकी शोधणारं मशीन कुठल्याच मावशीच्या हाताखाली वाढलेलं नव्हतं, हे उघड होतं.

तिसरा मात्र खरा होता. "माझ्या पोरीला परत लिहिलंस तर थोबाड फोडीन." तक्रार करणारे गृहस्थ अगदी सभ्य, ठपके शून्य. मावशीच्या या 'पोरीला', म्हणजे तिच्या एका विद्यार्थिनीला, त्यांनी काय काय लिहिलं होतं, ते मी तारखेनुसार लावलं आणि साहेबांना वाचून दाखवलं.

"ताई, निळा रंग शोभतो तुम्हाला."

"ताई, आज बस चुकली ना?"

"ताई, दाराचं कुलूप बदललंत? बरं केलंत. काळजी घ्या."

साहेब म्हणाले, "ताई म्हणतोय की! एकाही वाक्याला नियम लागत नाही."

"एकेक वाचलं तर नाहीच लागणार. केसाने गळा कापतोय तो. कुलूप बदललेलं त्याला कसं कळलं, साहेब? ती पोरगी हे सगळं ओळीने वाचतेय, आतून कडी लावून."

माझा आवाज चढला होता. साहेबांनी स्क्रीन स्वतःकडे वळवली, पहिल्यापासून वाचलं आणि उठून उभेच राहिले.

"घाल त्याला बाहेर. आणि यापुढे असं बोलणं सलग वाचायचं, नियमातच लिही."

घातलं! त्याची आणखी चार खाती सापडली, तीही गेली. पोलिसांत द्यायला सगळा पुरावा पोरीच्या हाती दिला. मावशीचे तिन्ही ठपके पुसले. मला इतका आनंद झाला की खुर्चीतच एक गिरकी घेतली.

आठवड्याभराने पोरीचा फोटो आला. सताड उघड्या दारात उभी, अंगात स्वतः शिवलेला शर्ट. निळाच.

खाली मावशी: "मेले, कॉलर वाकडी! मुंडी मुरगळीन."

मशीनने लगेच लाल खूण केली. मी 'राहू द्या' दाबलं आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशी ओरडले, "मुरगळ, मावशी!"